कार्यालयातील टॅली घरून: वायरगार्ड, ओपनव्हीपीएन की टेलस्केल?

हिशेब पाहणाऱ्या बाई घरून काम करू लागल्या आणि टॅली मात्र कार्यालयातल्या एकाच संगणकावर राहिली, की सात-आठ माणसांच्या करसल्लागार कार्यालयात किंवा पुण्याजवळच्या भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये व्हीपीएनचा, म्हणजे इंटरनेटवरून कार्यालयाच्या नेटवर्कपर्यंत नेणाऱ्या सुरक्षित खासगी वाटेचा, विषय निघतो. बहुतेक ठिकाणी त्याआधी कोणीतरी एक उद्योग करून ठेवलेला असतो: राउटरवर ३३८९ हे पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचे दार, उघडून रिमोट डेस्कटॉप (दुसरीकडे बसून संगणक चालवण्याची विंडोजची सोय) थेट इंटरनेटला जोडलेला असतो. असे उघडे पोर्ट शोधून त्यांवर रात्रंदिवस पासवर्ड आजमावणारे प्रोग्राम चालू असतात आणि फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअर आत येण्याची ती नेहमीची वाट आहे. तेव्हा पुढीलपैकी काहीही निवडले तरी ते पोर्ट आधी बंद करावे. मोबाइलवर ज्यांच्या जाहिराती दिसतात ती मासिक वर्गणीची व्हीपीएन ॲप या कामाची नाहीत, कारण ती आपला इंटरनेटवरील वावर दुसऱ्याच्या सर्व्हरमार्गे नेतात. आपल्या कार्यालयापर्यंत ती पोहोचवत नाहीत.

निवड करताना लोक वेग आणि एन्क्रिप्शन यांची तुलना करत बसतात, पण माझ्या अनुभवात निर्णय बराचसा एका कंटाळवाण्या गोष्टीवर ठरतो: कार्यालयाच्या ब्रॉडबँडला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता, आहे का. राउटरच्या सेटिंगच्या पानावर ‘वॅन’समोर (इंटरनेटच्या बाजूला) दिसणारा पत्ता आणि आपला आयपी दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावरचा पत्ता जुळत नसेल, विशेषतः वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला असेल, तर सेवा देणाऱ्या कंपनीने अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला आहे आणि बाहेरून तुमच्या राउटरपर्यंत यायला वाटच नाही, असे समजावे. मग एक तर जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी (कायम तोच राहणारा स्वतःचा सार्वजनिक पत्ता) घ्यावा लागतो, किंवा बाहेरून आत येण्याची गरजच नसलेली व्यवस्था निवडावी लागते.

स्टॅटिक आयपी असेल तर वायरगार्ड हा माझा पहिला पर्याय. मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ कर्नलमध्ये, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यात, तो समाविष्ट झाला. मूळ कोड सुमारे ४,००० ओळींचा असल्याने तपासायला सोपा आहे, आणि मायक्रोटिक कंपनीच्या राउटरमधील राउटरओएस ७ या प्रणालीपासून तो साध्या राउटरवरही चालतो. ओळख न पटलेल्या कोणालाही तो उत्तरच देत नाही, त्यामुळे पोर्ट चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेसुद्धा कळत नाही. मात्र त्यात वापरकर्त्याचे नाव नाही आणि पासवर्डही नाही. प्रत्येक उपकरणाची डिजिटल किल्ल्यांची जोडी (एक खासगी, एक जाहीर) असते आणि ती देण्याघेण्याचे काम हाताने करावे लागते. लॅपटॉप रिक्षात विसरला तर आतली खासगी किल्लीही त्याच्याबरोबर गेली, आणि राउटरवर जाऊन त्या उपकरणाची नोंद कोणीतरी लगेच काढून टाकली पाहिजे. चार-पाच माणसांपर्यंत हे सहज जमते, पण वीसच्या पुढे गेल्यावर कोणती किल्ली कोणाची, याची वही ठेवावी लागते.

ओपनव्हीपीएन २००१ पासूनचा आहे आणि त्याचे वय जाणवते, पण पासवर्ड, ओटीपी आणि प्रमाणपत्र (ओळख पटवणारी डिजिटल फाइल) अशी तिन्ही कुलपे एकत्र लावण्याची सोय त्यात आहे. शिवाय तो टीसीपी ४४३ वर, म्हणजे सुरक्षित संकेतस्थळे वापरतात त्याच वाटेने, चालवता येत असल्याने हॉटेल किंवा ग्राहकाच्या कार्यालयातील वाय-फायने यूडीपी ही माहिती पाठवण्याची दुसरी पद्धत अडवली तरी बहुधा निभावून नेतो. वायरगार्ड केवळ यूडीपीवर चालतो, तेव्हा तिथे त्याचा निरुपाय होतो. ओपनव्हीपीएनच्या या सोयींची किंमत वेगात मोजावी लागते, विशेषतः स्वस्त राउटरच्या प्रोसेसरवर. दुसरी अडचण देखभालीची आहे. मी लावून दिलेल्या एका ठिकाणी एका सकाळी एकाचेही कनेक्शन होईना. ब्रॉडबँड ठीक, सर्व्हर चालू, प्रमाणपत्रेही मुदतीत होती. रद्द केलेल्या प्रमाणपत्रांची जी यादी सर्व्हर तपासतो, तिचीच मुदत संपली होती. ओपनव्हीपीएनची प्रमाणपत्रे बनवणारे ईझी-आरएसए हे साधन ती यादी मुळात १८० दिवसांसाठी बनवते, आणि यादी शिळी झाली की सर्व्हर सरसकट सर्वांनाच नाकारतो. चूक माझीच होती; तेव्हापासून ती तारीख मी कॅलेंडरमध्ये टाकून ठेवतो.

सार्वजनिक आयपी नसेल आणि घ्यायचाही नसेल, तर टेलस्केल पाहावे. आत वायरगार्डच आहे, पण किल्ल्या पोहोचवण्याचे काम कॅनडातील ही कंपनी आपल्या सर्व्हरवरून करते, आणि दोन्ही टोके आतून बाहेर जोडली जात असल्याने राउटरवर काहीच उघडावे लागत नाही. थेट वाट सापडली नाही तर माहिती मधल्या रिले सर्व्हरमार्गे, म्हणजे ती पुढे पोहोचवणाऱ्या सर्व्हरमार्गे, जाते. ती एन्क्रिप्टेडच राहते, पण वेग मंदावतो. लॉगिन गुगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्याने होते, त्यामुळे नोकरी सोडून गेलेल्या माणसाला व्यवस्थापकाच्या पानावरून काढले की काम झाले. नेटवर्कची चावी मात्र काही अंशी बाहेरच्या कंपनीकडे राहते आणि माणसे वाढली की दरडोई शुल्क लागते. इथेही १८० दिवसांचा आकडा आहेच: प्रत्येक उपकरणाने मुळात तेवढ्या मुदतीत पुन्हा लॉगिन करायचे असते, म्हणून टॅलीच्या संगणकापुरती ही मुदत बंद करून ठेवावी.

आयपीसेक या आणखी एका व्हीपीएन पद्धतीचा विचार कार्यालय आणि गोदाम ही दोन ठिकाणे कायमची जोडायची असतील तेव्हा करावा. पीपीटीपी हा जुना व्हीपीएन मात्र जुन्या राउटरवर आयता दिसला तरी वापरू नये. त्याचे संरक्षण मोडता येते हे २०१२ मध्येच उघड झाले आहे.

कोणताही पर्याय निवडला तरी टॅलीची डेटा फोल्डर व्हीपीएनवरून घरच्या संगणकाला जोडून उघडू नये. टॅली सतत बारीक वाचन-लेखन करते, प्रत्येक फेरीला इंटरनेटचा विलंब लागतो, आणि नोंद होत असताना जोडणी तुटली तर डेटा बिघडू शकतो. त्याऐवजी व्हीपीएनमधून रिमोट डेस्कटॉप वापरावा, म्हणजे टॅली कार्यालयातच चालते आणि घरी फक्त पडदा दिसतो. त्यासाठी कार्यालयातल्या संगणकावर विंडोजची प्रो आवृत्ती लागते, होम चालत नाही; आणि प्रोवरही एका वेळी एकच माणूस काम करू शकतो, हे आधी सांगून ठेवलेले बरे.

वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन घेणाऱ्यांनी कार्यालयाचे अंतर्गत पत्ते १९२.१६८.१ वरून बदलून १९२.१६८.४७ सारख्या कमी वापरातल्या मालिकेवर न्यावेत. घरच्या राउटरवरही बहुधा तीच १९२.१६८.१ ची मालिका असते. मग व्हीपीएन ‘कनेक्टेड’ दाखवतो, पण घरचा लॅपटॉप टॅलीचा संगणक घरातच शोधत राहतो. आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणाऱ्या भागात कार्यालय असेल, तर वीज परत आल्यावर संगणक आपोआप सुरू व्हावा ही बायॉसमधली (संगणक सुरू होतानाच्या मूळ मेनूमधली) सेटिंग व्हीपीएन लावाल त्याच दिवशी करून घ्यावी. नाहीतर व्हीपीएन उत्तम चाललेला असतो आणि हिशेबाच्या बाई शेजारच्या दुकानदाराला फोन करून शटर उघडायला सांगत असतात.