आईच्या वृद्धाश्रमातला आहार-व्यायाम वर्ग : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

आई ८१ वर्षांची, वजन ४८ किलो. वर्ग सुरू झाला तेव्हा तिला हात टेकल्याशिवाय खुर्चीतून उठता येत नव्हतं. गेल्या आठवड्यात हात छातीशी धरून ३० सेकंदांत ती सात वेळा उठली. या वयाच्या बायकांसाठी नऊच्या खालचा आकडा कमी धरतात, हे मला माहीत आहे. तरी मला रडू आलं, कारण आता ती संडासातून एकटी उठते.

पहिले दोन महिने मात्र वाया गेले असं माझं स्पष्ट मत आहे. बसल्या बसल्या हात हलवायचे, टाळ्या वाजवायच्या. बायका खूश होत्या, पायांत जोर काही येत नव्हता. मग नव्या फिजिओथेरपिस्ट आल्या आणि त्यांनी घोट्याला अर्ध्या किलोच्या वाळूच्या पिशव्या बांधल्या. सोपं वाटू लागलं की वजन वाढवायचं. मी घाबरून विरोध केला, तेव्हा त्यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. नर्सिंग होममधली १०० अशक्त माणसं, सरासरी वय ८७. दहा आठवडे वजनं वाढवत व्यायाम केलेल्यांची ताकद दुपटीहून जास्त झाली. नुसतं पोषक पेय घेतलेल्यांना फारसा फरक पडला नाही. आता आमचा वर्ग आठवड्यातले तीन दिवस असतो, खुर्चीची पाठ धरून तोल सांभाळण्याचे व्यायामही त्यातच.

आहाराची व्याख्यानं सुरुवातीला भिंतीवरच्या तक्त्यासारखीच होती. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, सगळ्यांनी माना डोलावल्या. खरा बदल आहारतज्ज्ञ जेवणाच्या हॉलमध्ये येऊन बसल्या तेव्हा झाला. वयस्कांना किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे आईला ४८ ते ५८ ग्रॅम. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा हिशेब डॉक्टरांनीच करायचा.) आईच्या पोटात त्याच्या जेमतेम निम्मी जात होती. का, तर वजन उतरल्यावर कवळी सैल झाली होती, चावताना हिरड्या दुखायच्या. ती कुणाला बोलली नव्हती. मलाही नाही. कवळी नीट बसवून घेतली, जेवण मऊ केलं आणि प्रथिनं दिवसभरात विभागली, तेव्हा ताटात उरणं थांबलं.

पाण्याचंही तसंच. म्हातारपणी तहान कमी लागते हे सगळ्यांना शिकवलं, तरी संध्याकाळी चारनंतर निम्म्या बायका पाणी प्यायच्या नाहीत. रात्री उठायची भीती! त्यावर व्याख्यान काय करणार? वाटेत मंद दिवा लावला, पलंगाजवळ घंटी दिली आणि बरंचसं पाणी दुपारपर्यंत पाजायचं ठरवलं. आईची बद्धकोष्ठता त्यानंतर बरीच कमी झाली.

तक्रारी आहेत. वर्ग जेवणानंतर लगेच ठेवला होता, त्यात आई एकदा उभी राहताना चक्कर येऊन खाली बसली. आता वेळ बदलली आहे, आणि उठल्यावर क्षणभर थांबायला लावतात. सेविका बदलली की ताटाचं लक्ष सुटतं, नव्या बाईंना पुन्हा सगळं सांगावं लागतं. आणि वरच्या मजल्यावरच्या अंथरुणाला खिळलेल्या बायकांना या वर्गात घेतलेलंच नाही. पलंगावरच पाय दाबून-सोडून करायचे व्यायाम असतात, ते तरी त्यांना शिकवा, असं मी लेखी दिलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही.