यामाहा पॅसिफिका ०१२ : लाकूड टिकतं, स्क्रू दगा देतात

दुकानात पहिली इलेक्ट्रिक गिटार घेणारा रंग बघतो, पिकअपबद्दल (तारांचा आवाज पकडणारी चुंबकं) विचारतो आणि शेवटी हळूच ‘किती वर्षं चालेल?’ असं विचारतो. ‘नीट ठेवली तर कितीही’ हे उत्तर ठरलेलं. खोटं नाही ते, फक्त अर्धवट आहे. दहा ते वीस हजारांच्या गटातल्या गिटारी सहसा लाकडामुळे निकामी होत नाहीत. जॅक (केबल खोचायची जागा) सैल होतो, सॅडलचे (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्यांचे) स्क्रू गंजतात, नटमध्ये (मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीत) तार अडकते, ट्यूनिंग टिकत नाही आणि वाजवणारा कंटाळून तिला कपाटावर टाकतो. यातला एकेक भाग काहीशे रुपयांचा.

या गटातलं ओळखीचं नाव म्हणजे पॅसिफिका ०१२. बॉडी अगाथिस नावाच्या लाकडाची, मान मेपलची आणि चार स्क्रूंनी बसवलेली, २२ फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), दोन सिंगल कॉइल पिकअप आणि ब्रिजपाशी एक हंबकर (दुहेरी कॉइलचा पिकअप), पाच खाचांचा स्विच, एक व्हॉल्यूम, एक टोन आणि जुन्या धाटणीचा ट्रेमोलो (दांडीने सूर हलवणारा ब्रिज). अगाथिसला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. ते मऊ आहे, आपटलं की पोचा पडतो, हे मान्य. पण वर पॉली फिनिशचा (प्लास्टिकसारख्या लॅकरचा) जाड थर असतो. घाम, ओल, स्टँडचं रबर यांचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. महागड्या नायट्रो फिनिशच्या (पातळ, नाजूक लॅकरच्या) मालकांना ही निश्चिंती नसते.

सगळ्यात आधी दगा देतो तो जॅक. केबल शेकडो वेळा आत-बाहेर झाली की त्याचा नट (तारांचा नव्हे, पान्याने फिरतो तो) सैल पडतो. मग तो बोटाने किंवा पकडीने बाहेरूनच आवळला जातो, आणि तिथेच घोटाळा होतो: नटाबरोबर आतला अख्खा जॅक फिरतो, दोन वायरींना पीळ पडतो आणि चार-पाच वेळा असं झालं की एक वायर सोल्डरपाशी तुटते. गिटार ‘अचानक’ मुकी होते ती अशी. योग्य पद्धत म्हणजे जॅकची प्लेट उघडायची, आतून जॅक धरून ठेवायचा आणि बाहेरचा नट पान्याने आवळायचा. आत दातेरी लॉक वॉशर नसेल तर तो घालायचा. केबल हलवल्यावर खरखर होत असेल तर आधी जॅकची पातळ पत्ती थोडी आत वाकवून बघा. स्वस्त जॅकमध्ये तिचा ताण लवकर जातो. तरीही भागलं नाही तर चांगल्या प्रतीचा मोनो जॅक आणून दोन टाके मारायचे. २५ ते ४० वॅटची सोल्डरिंग आयर्न पुरते. कुठली वायर कुठे होती याचा फोटो आधी काढून ठेवा.

दुसरा शत्रू पावसाळा. मुंबईत, कोकणात, गोव्यात जून ते सप्टेंबर दमट हवा आणि हाताचा घाम असा जोडमार बसतो. तारा तर दोन-तीन आठवड्यांतच खरखरीत होतात, पण त्या बदलता येतात. खरं नुकसान ब्रिजवर होतं. प्रत्येक सॅडलवर उंची बदलणारे दोन बारीक हेक्स स्क्रू असतात आणि उजव्या हाताचा तळवा नेमका त्यांच्यावर टेकतो. दोन पावसाळे दुर्लक्ष झालं की ते जागीच गंजून बसतात. मग ॲक्शन (फ्रेटपासून तारांची उंची) कमी करायला गेलं की ॲलन किल्ली गरकन फिरते, स्क्रूचं तोंड गोल होतं आणि सॅडलच बदलावा लागतो. उपाय फार सोपा आहे. वाजवून झालं की तारा आणि ब्रिज सुती फडक्याने पुसायचे, आणि दर तारबदलाच्या वेळी, म्हणजे दोन-तीन महिन्यांतून एकदा, शिलाई मशीनचं तेल टाचणीच्या टोकावर घेऊन प्रत्येक स्क्रूला एक थेंब द्यायचा. थेंब म्हणजे थेंबच. तेल लाकडात मुरलं तर डाग पडतो. स्क्रू आधीच अडकला असेल तर गंज सोडवणारं तेल लावून रात्रभर थांबा. किल्लीवर जोर केलात तर स्क्रू गेलाच म्हणून समजा.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी गिटार भिंतीवर मिरवण्यापेक्षा पावसाळ्यात बॅगेत ठेवावी, आत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाकाव्यात. ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लाकडाला मानवते. मात्र बॅग ओलसर असेल तर ती उघड्यावर ठेवण्यापेक्षाही वाईट. पावसातून आणलेली बॅग आधी पंख्याखाली वाळवा.

विदर्भ-मराठवाड्यातला त्रास उलटा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत फ्रेटबोर्डचं (मानेवर फ्रेट बसवलेल्या पट्टीचं) लाकूड आडवं आकसतं. फ्रेटची धातू काही आकसत नाही. मग फ्रेटची टोकं कडेला बाहेर येतात आणि हात सरकवला की बोचतात. याला गिटार ‘खराब निघाली’ म्हणण्यात अर्थ नाही, महागड्या गिटारींनाही हे होतं. फ्रेटबोर्डच्या कडेला मास्किंग टेप लावून बारीक कानशीने ती टोकं तिरकी घासायची, अर्ध्या-पाऊण तासाचं काम. एका उन्हाळ्यात केलं की सहसा पुन्हा करावं लागत नाही. रोझवूडच्या फ्रेटबोर्डला वर्षातून दोनदा लेमन ऑइलचा हलका हात द्यावा, पाच मिनिटांनी पुसून घ्यावा. फ्रेटबोर्डच सिरॅमिक टाइलसारखा चमकत असेल, म्हणजे तो लॅकर दिलेल्या मेपलचा असेल, तर तेलाचा काही उपयोग नाही.

ऋतू बदलला की मानेचा बाकही बदलतो. कुठल्या बाजूला, हे प्रत्येक मानेवर अवलंबून, म्हणून ट्रस रॉडला (मानेचा बाक ठरवणाऱ्या आतल्या सळईला) हात लावण्याआधी मोजलंच पाहिजे. मोजायला वेगळं साधन लागत नाही. ०.००९ इंचाची पहिली तार बदलली की तिचा दोन इंचांचा सरळ तुकडा जपून ठेवा. त्याची जाडी सुमारे ०.२३ मिलिमीटर असते. गिटार सुरात लावा, जाड तार पहिल्या फ्रेटवर कॅपोने (तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याने) आणि मान बॉडीला मिळते तिथे बोटाने दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्या फटीत तो तुकडा सरकवा. जेमतेम घासत गेला तर बाक बरोबर. वरची तार न हलता तुकडा सैलसर फिरत असेल तर बाक जास्त, ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. तुकडा शिरतच नसेल तर उलट दिशेने. एका वेळी पाव फेरा, मग पुन्हा सुरात लावून मोजायचं. किल्ली अडली तर तिथेच थांबा आणि गिटार कारागिराकडे न्या. या किमतीच्या गिटारीत एक गोष्ट दुरुस्तीला परवडत नाही, ती म्हणजे तुटलेला ट्रस रॉड.

बाक जमला की मगच ॲक्शन: बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली २ मिलिमीटर, बारीक तारेखाली दीड. त्यानंतर इंटोनेशन, म्हणजे मानेवर सगळीकडे सूर बरोबर येणं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहायचा. दाबलेला चढा येत असेल तर सॅडल मागे, उतरा येत असेल तर पुढे. हा क्रम उलटा केला की तीनदा तेच काम करावं लागतं.

ट्यूनिंग टिकत नाही म्हटलं की सगळे खुंट्यांना दोष देतात. या गिटारीच्या बंद खुंट्या ठीकठाक आहेत, त्यात तेलही घालावं लागत नाही. दोष बहुधा नटमध्ये असतो. प्लास्टिकच्या नटची खाच अरुंद असली की सूर लावताना ‘टिक’ असा आवाज येतो आणि सूर एकदम उडी मारतो. मऊ पेन्सिलचं शिसं खाचेत घासा, बरेचदा तेवढ्याने भागतं. ९ च्या (पहिली तार ०.००९ इंच) तारा काढून १० च्या लावल्या तर हा त्रास हमखास वाढतो, कारण खाचा बारीक तारांच्या मापाने कापलेल्या असतात.

ट्रेमोलोचं म्हणाल तर जितका कमी वापराल तितका बरा. दांडीचे आटे ज्या ठोकळ्यात बसतात तो या वर्गात मऊ मिश्रधातूचा असतो. दांडी लावूनच गिटार बॅगेत कोंबली, ती कशात तरी अडकली, की आटे गेले. दांडी खडखडत असेल तर तिच्या आट्यांवर नळाची टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळा. दांडी वापरतच नसाल तर मागचं झाकण काढून स्प्रिंगच्या पट्टीचे दोन स्क्रू ब्रिज बॉडीला टेकेपर्यंत आवळा. ट्यूनिंगमधला फरक त्याच दिवशी कळतो. त्याच पट्टीवर अर्थची वायर सोल्डर केलेली असते. तारांना हात लावल्यावरही गुणगुण तसूभर कमी होत नसेल, तर ती तुटली आहे का हे आधी बघा. ट्रेमोलो बदलायची वेळ आली तर बाहेरच्या दोन स्क्रूंमधलं अंतर आणि बॉडीची जाडी मोजल्याशिवाय नवा मागवू नका. स्वस्त गिटारींत ५२.५ आणि ५६ मिलिमीटर अशी दोन्ही मापं सापडतात, आणि चुकीचा ब्रिज परत करण्यात आठवडा जातो.

इलेक्ट्रॉनिक्सबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पिकअपचं सिरॅमिक चुंबक तुमच्या हयातीत काही उतरत नाही. पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे भाग) खरखरायला लागले की टर्मिनलजवळच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारून वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. घरातला दरवाज्याच्या बिजागरीचा स्प्रे नको. त्याचा तेलकट थर राहतो आणि त्यावर धूळ बसते. पट्ट्याचा स्क्रू निसटत असेल तर भोकात फेव्हिकॉल आणि दोन टूथपिक भरून रात्रभर वाळू द्या. मऊ लाकडाला हा इलाज अगदी लागू पडतो.

मग आयुष्य ठरतं ते कशावर? फ्रेटवर. या निकेल सिल्व्हरच्या असतात. नावात चांदी असली तरी धातू तांबं, निकेल आणि जस्त. रोज तासभर वाजवणाऱ्याच्या गिटारीत पहिल्या तीन फ्रेटवर, बारीक तारांखाली, काही वर्षांत खळगे पडायला लागतात. गंजक्या तारा फ्रेट कानशीसारख्या खातात, म्हणून तारा वेळेवर बदलण्याचा खर्च इथे वसूल होतो. मळलेल्या फ्रेट चार शून्यांच्या स्टील वूलने उजळता येतात, पण त्याआधी पिकअप टेपने झाका, नाहीतर लोखंडी कीस चुंबकावर जाऊन चिकटतो. एकदा, फार तर दोनदा लेव्हलिंग (फ्रेट घासून एका पातळीत आणणं) होतं. त्यानंतर सगळ्या फ्रेट बदलायची मजुरी गिटारीच्या निम्म्या किमतीला जाऊन भिडते आणि तिथे हिशेब थांबतो. आमच्या मते तोवर बऱ्यापैकी निगा राखलेली ०१२ दहा-बारा वर्षं सहज काढते. मान चार स्क्रूंची आहे, त्यामुळे बॉडीवर जीव असणाऱ्यांना दुसरी मान शोधायचा रस्ताही उरतो.

जुनी ०१२ विकत घेत असाल तर ॲलन किल्ली खिशात घेऊन जा. सहाही सॅडलचे स्क्रू हलतात का, ते आधी पाहा. मग केबल लावून जॅकपाशी हलवा, पाचही खाचांवर आवाज येतो का बघा, आणि पहिल्या तीन फ्रेटवर उजेड तिरका पाडून खळगे तपासा. ट्रस रॉड किती आवळलेला आहे हे विक्रेत्यासमोरच अगदी हलक्या हाताने पाहून घ्या. तो आधीच शेवटापर्यंत आवळलेला असेल तर भाव कितीही पाडला तरी घेऊ नका. बाकीच्या खोड्या मात्र भाव पाडायला उपयोगी पडतात.