सोलर वॉटर हीटर: एक पावसाळा आणि नाशिकची एक थंडी काढल्यानंतर

मागच्या मे महिन्यात आम्ही गच्चीवर २०० लिटरचा सोलर वॉटर हीटर बसवला. आता फेब्रुवारी संपत आलाय. घेण्याआधी मी पुष्कळ लोकांचे अनुभव वाचले होते, पण बहुतेकांनी बसवल्यावर पंधरा दिवसांतच लिहिलेलं. उन्हाळ्यात कुठलाही सोलर झकास चालतो. परीक्षा डिसेंबर-जानेवारीत असते, म्हणून मी मुद्दाम थांबले.

आमचं पाथर्डी फाट्याकडे रो हाऊस आहे. खाली एक मजला, वर एक, त्यावर गच्ची. घरात पाच माणसं: सासूबाई, सासरे, आम्ही दोघं आणि मुलगी. माझं माहेर निफाडकडचं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती उतरला, हे थंडीत रोज पेपरात येतं आणि कधी कधी तो पाच अंशांच्याही खाली जातो. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून आमच्याकडे पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक सोडतात. अंगणातल्या तांब्याच्या बंबात छाटणीच्या काड्या घातल्या की दहा मिनिटांत कढत पाणी. शहरात ना बंब राहिला ना काड्या. राहिला तो गिझर आणि त्याचं बिल.

आधी बिलाचंच सांगते. मागच्या हिवाळ्यात डिसेंबरला ३३८ आणि जानेवारीला ३५१ युनिट आले. महावितरणच्या घरगुती दरात १०० पर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा आणि त्यापुढे चौथा. म्हणजे ३०० च्या वरचे आमचे ते चाळीस-पन्नास युनिट सगळ्यात महागाचे होते, आणि ते फक्त थंडीतच यायचे. मग मी वहीत हिशोब मांडला. सकाळी टाकीतलं पाणी १८ अंशांच्या आसपास असतं, अंघोळीला ४२ लागतं. पाच माणसांना मिळून १०० लिटर धरलं, तर ते २४ अंशांनी तापवायला २.८ युनिट वीज लागते. गिझरमध्ये थोडी उष्णता वाया जाते, ती धरून तीन. महिन्याला नव्वद. टीव्ही बंद करा, दिवे बंद करा म्हणून मी वर्षभर सगळ्यांच्या मागे लागत होते, आणि खरा खर्च न्हाणीघरात होता.

गॅस गिझरचा विचार केला होता, तो सोडून दिला. आमचं बाथरूम लहान आहे, झरोका नावापुरता. बंद जागेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि माणूस आतल्या आत कोसळतो. थंडीत खोलीत पेटलेली शेगडी घेऊन दार लावून झोपणाऱ्यांचंही हेच होतं. ज्यांच्याकडे बाथरूममध्ये गॅस गिझर आहे, त्यांनी कृपा करून तो बाहेरच्या भिंतीवर हलवा.

तर सोलर. आमचा काचेच्या नळ्यांचा आहे, २० नळ्या, फिटिंग आणि पाइपसकट साधारण ३२ हजार पडले. नळी म्हणजे एकात एक अशा दोन काचा, मध्ये निर्वात पोकळी, म्हणजे थर्मासच. बाहेर कितीही गारठा असला तरी आत शिरलेली उष्णता सहज बाहेर पडत नाही. नळीच्या खालच्या टोकाला आतून चांदीसारखा चकचकीत डाग असतो. तो पांढरा पडला की पोकळीत हवा शिरली असं समजायचं, ती नळी मग कामाची नाही. बसवताना वीसही नळ्यांचे डाग बघून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

जून ते सप्टेंबर फार काही सांगण्यासारखं नाही. ढग आले की पाणी कोमट, सलग झड लागली की गिझर. ऑक्टोबरात ऊन तापलं तसं पाणी उकळल्यासारखं यायला लागलं. नरकचतुर्दशीला पहाटे सगळ्यांची अभ्यंगस्नानं गिझरला हात न लावता झाली आणि मी निश्चिंत झाले. मग डिसेंबर उजाडला.

पहिल्या आठवड्यापासूनच पाणी जेमतेम गरम येऊ लागलं. बसवणाऱ्यांना फोन केला तर उत्तर आलं, "ताई, थंडीत एवढंच येतं." मला ते पटलं नाही, कारण दिवसभर लख्ख ऊन होतं. एका रविवारी सकाळी सातपासून मी गच्चीवर चटई टाकून बसले. आणि दिसलं. जिन्याच्या खोलीची सावली नळ्यांवर पडत होती, ती साडेदहाला सरकली.

मे महिन्यात ही सावली नव्हती, म्हणून कुणाला सुचलंच नाही. नाशिक २० अंश अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या खांबाचीही सावली पायातच राहते. आमचं फिटिंग झालं ते त्याच आठवड्यात. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला इतका कलतो की दुपारी बारालाही क्षितिजापासून ४६-४७ अंशांवरच असतो, आणि सकाळी नऊला तर सावली वस्तूच्या उंचीच्या दुप्पट पडते. जिन्याची खोली आठ फूट उंच, पॅनेलच्या आग्नेयेला. हिवाळ्यातल्या आधीच लहान दिवसातलं अडीच-तीन तासांचं ऊन त्या एका भिंतीने खाल्लं होतं.

ओळखीच्या प्लंबरदादांना बोलावून अख्खा सांगाडा दहा फूट पश्चिमेला सरकवून घेतला, अडीच हजार गेले. माझ्याकडे स्वयंपाकघरातला थर्मामीटर आहे, त्याने मोजलं. हलवण्याआधी संध्याकाळी गच्चीतल्या नळाला ४७ अंश, हलवल्यावर ५६. रात्रीतून पाच-सहा अंश उतरतं, तरी पहाटे ५० हातात राहतं. सोलर घेणार असाल तर तो कुठे ठेवायचा हे डिसेंबरात गच्चीवर उभं राहून ठरवा. उन्हाळ्यातच घ्यायचा असेल तर निदान आग्नेय, दक्षिण आणि नैर्ऋत्येला काय काय उंच आहे ते बघा. शेजाऱ्यांची पाण्याची टाकीही धरा.

दुसरा धडा पाइपचा. गच्चीपासून खालच्या बाथरूमपर्यंत आमचा पाऊण इंची पाइप साठ फूट भरतो. त्यात साडेचार लिटर पाणी रात्रभर उभं असतं आणि पहाटे ते गार झालेलं असतं. शिवाय गरम पाणी आलं की गारठलेला पाइप आधी स्वतः तापतो. सुरुवातीला पाऊण बादली सोडल्याशिवाय गरम येत नव्हतं. काळ्या नायट्राइल फोमच्या नळ्या आणून सगळा उघडा पाइप झाकला. माझी समजूत होती की आता नळ उघडला की गरम येईल. तसं होत नाही. नऊ तासांत फोममधलं पाणीही निवतंच. फरक पडतो तो दुसऱ्या अंघोळीपासून पुढे: पाइप तापलेला राहतो, खाली पोचणारं पाणी तीन-चार अंशांनी जास्त गरम असतं. म्हणून अंघोळी एकापाठोपाठ एक उरकायच्या. मधे तासाभराची फट पडली की पुन्हा गार पाणी सोडा.

हे घरात बसवायला वेळ लागला. सासूबाई कार्तिकात काकड्याला जातात, त्यांची अंघोळ साडेपाचला. मुलगी आठला उठणार. आता आई उठल्या की पहिलं गार पाणी मी फरशी पुसायच्या बादलीत भरून घेते, त्यांच्यामागोमाग बाबा, मग आम्ही दोघं, आणि मुलीला साडेसहाला उठवते. ती कुरकुरते, पण गरम पाण्यासाठी उठते.

थंडीसाठी घरात आणखी दोन-तीन गोष्टी केल्या, त्या थोडक्यात. आपली घरं उन्हाळ्याच्या हिशोबाने बांधलेली असतात. आमच्या स्लायडिंग खिडक्यांचे ब्रश झिजले होते, त्या फटींतून पहाटेचं वारं सरळ अंथरुणात यायचं. ब्रशची पट्टी मीटरवर मिळते, जुनी ओढून नवी सरकवायची. दारांखाली रबर लावलं. सगळे मिळून सहाशे रुपये. दक्षिणेच्या खिडकीचे पडदे दिवसा उघडे, पाचला बंद. फरशीवर सतरंजी. परिणामी २००० वॅटचा रूम हीटर या वर्षी माळ्यावरून खाली आलाच नाही. रोज दोन तास लावला असता तर तो एकटाच महिन्याला १२० युनिट खातो. आईंनी शिवलेल्या जुन्या लुगड्यांच्या गोधडीला काही लागत नाही.

या वर्षी डिसेंबर २४६ युनिट, जानेवारी २२९. महिन्याला बाराशे ते चौदाशे रुपयांचा फरक. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात एवढा नाही, तेव्हा गिझर तसाही कमीच चालायचा. माझ्या अंदाजाने पैसे वसूल व्हायला साडेतीन-चार वर्षं लागतील. दोन वर्षांत वसूल होतात असं विकणारे सांगतात, ते पाच माणसांच्या आमच्या घरात तरी शक्य नाही. दोनच माणसं असाल आणि पाणी कमी लागत असेल, तर मी घाई करू नका असं सांगेन.

जपायच्या गोष्टीही आहेत. नळाला पाणी आलं नाही आणि सोलरची टाकी रिकामी झाली, तर भर दुपारी ती भरू नका. तापलेल्या कोरड्या नळीत गार पाणी शिरलं की काच तडकते. पहाटे भरा नाहीतर ऊन उतरल्यावर. टाकीवरचा, हवा आणि वाफ बाहेर सोडणारा उभा पाइप कधीही बंद करायचा नाही. बोअरचं पाणी असेल तर नळ्यांत क्षार साचतात. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा बोअरचं येतं, म्हणून दसऱ्याच्या सुमारास नळ्या साफ करून घेणार आहे.

आणि फोम. दोनच महिन्यांत गच्चीवरच्या उघड्या भागाला उन्हाने बारीक भेगा पडल्यात. त्यावर अॅल्युमिनियमची टेप गुंडाळायला हवी होती, ते मला कुणी सांगितलं नाही. या रविवारी टेपची दोन रिळं आणलीत, उन्हाळा तापायच्या आत तेवढं काम उरकायचंय.