नागपूरच्या उन्हाळ्यात कार्डिनल टेट्रा: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

दसऱ्याला शोभेचे छोटे मासे पाळायला दोन फुटी टाकी घेतली. पाणी साधारण 50 लिटर बसतं. परवा नवतपा, म्हणजे मे अखेरचे भर उन्हाचे नऊ दिवस, संपला आणि मासे ठणठणीत आहेत, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

सुरुवात चुकली, ते अजून बोचतं. दुकानदार म्हणाला, आज पाणी भरा, उद्या मासे सोडा. मी सहा निऑन टेट्रा सोडले. आठवड्यात चार गेले. पाणी तर काचेसारखं नितळ होतं! टेस्ट किट आणून पाहिलं, तेव्हा अमोनिया वाढलेला निघाला. माशांच्या अंगातून अमोनिया बाहेर पडतच असतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात मुरायला चार ते सहा आठवडे घेतात. हे मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. उरलेल्या दोघांसाठी मग महिनाभर रोज पाव टाकी पाणी बदललं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायचे थेंब टाकून. दोघं वाचले, पण दिवसभर फिल्टरच्या मागे दडून राहायचे. खायलाही दिवा बंद झाल्यावरच यायचे.

डिसेंबरात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तेव्हा बारा कार्डिनल एकदम आणले. निऑनची लाल पट्टी अर्ध्या अंगापासून शेपटीकडे जाते, कार्डिनलची डोक्यापासून शेपटीपर्यंत सलग. मी मात्र ते आपल्या उन्हासाठी घेतले: निऑनला 22 ते 25 अंश बरं, कार्डिनल 28 अंशांतही मजेत राहतात. सोडल्यावर घटकाभर ते कोपऱ्यात गोळा झाले, मग सगळे एकाच दिशेला तोंड करून पुढे निघाले. आणि फिल्टरमागून एक निऑन बाहेर आला. थोड्या वेळाने दुसरा. दोघं त्या घोळक्याच्या शेपटाला लागले. आई बघत होती, म्हणाली, "त्याइले सोबत पाहिजे होती बापा!" मी दोन महिने पाणी तपासत होतो आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. दोन-तीन मासे आणून पाहू, असं कोणी म्हणत असेल तर नका आणू. सहा कमीत कमी, दहा-बारा असतील तर ते खरे मोकळे होतात.

हिवाळ्याने त्रास दिला नाही, 50 वॅटचा हीटर 25 अंशांवर लावला की झालं. खाणं म्हणजे फ्लेक्स बोटांत चुरून, दोन मिनिटांत संपेल इतकंच, दिवसातून दोनदा. फेब्रुवारीत लग्नाला चार दिवस वर्ध्याला गेलो, तेव्हा शेजारच्या काकूंना मुद्दाम सांगितलं की काही घालू नका. चार दिवसांच्या उपासाने मासे मरत नाहीत, उरलेलं अन्न कुजलं की मरतात.

खरी परीक्षा मे महिन्याची. आमचा हॉल पश्चिमेचा. दुपारी पाणी 33 अंशांवर गेलं. टाकीवरची झाकणाची काच काढून जाळी बसवली आणि छोटा टेबलफॅन पाण्याच्या पृष्ठभागावर रोखला. कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. संध्याकाळपर्यंत 29 अंश. रोज दीड लिटर पाणी उडायचं, ते आरओच्या पाण्याने भरायचो. क्षार उडत नाहीत, मागे राहतात, त्यामुळे नळाचं पाणी घालत राहिलो असतो तर पाणी जड होत गेलं असतं.

एका दुपारी वादळात दोन तास लाइट गेली. फिल्टर आणि पंखा बंद, त्यामुळे पाणी हलेना आणि हवेतला ऑक्सिजन त्यात नीट मिसळेना. 20 अंशांच्या पाण्यात लिटरला 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसातच. पाऊण तासात सगळे वर येऊन तोंडं उघडू लागले. लाइट येईपर्यंत मग्याने पाणी उचलून उंचावरून ओतत बसलो. एक कार्डिनल गेला. दुसऱ्या दिवशी बॅटरीवरचा एअर पंप आणला. तो पहिल्याच दिवशी घ्यायला हवा होता.

रात्री पाणी प्यायला उठलो की दिवा लावून बघतो. अंधारात त्यांचा रंग उतरतो, निळी पट्टी राखेसारखी होते. उभं राहिलं की काही मिनिटांत ती परत उजळते, तेरा जणांची.

पाऊस लागला की दमट हवेत पंख्याचा तेवढा उपयोग होणार नाही, म्हणून येत्या रविवारी टाकी पूर्वेच्या खोलीत हलवतोय. स्पंज मात्र टाकीच्याच पाण्यात भिजत ठेवणार.