छुपं फील्ड भरायचं कुठे: टेम्प्लेटमध्ये, व्ह्यूमध्ये की मॉडेलमध्ये?

जँगोत (पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये) फॉर्म लिहिताना हा प्रश्न येतोच: पान दाखवणारं टेम्प्लेट, विनंती हाताळणारा व्ह्यू आणि टेबलाची रचना सांगणारं मॉडेल, यांपैकी कुठे? नोंद कुणी केली, कधी केली, स्लग (पानाच्या पत्त्यात वापरायचं शीर्षकाचं रूप) काय, हे वापरकर्त्याला विचारायचं नसतं. पण सेव्ह होताना ते टेबलात जायलाच हवं.

सगळ्यात झटपट होणारा मार्ग म्हणजे टेम्प्लेटमधला हिडन इनपुट. माझा त्याला ठाम विरोध आहे, निदान मालकी किंवा अधिकार ठरवणाऱ्या फील्डसाठी तरी. हिडन म्हणजे फक्त स्क्रीनवर न दिसणारं. ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडून कुणीही युजर आयडी ७ चा ८ करू शकतो. सीएसआरएफ टोकन (विनंती आपल्याच साइटच्या फॉर्ममधून आली का, हे तपासणारं) इथे कामाला येत नाही, कारण विनंती खऱ्या लॉगिनमधूनच आलेली असते, आतला आकडा तेवढा बदललेला. २०१२ मध्ये गिटहबला (कोड ठेवायच्या साइटला) याच जातीच्या चुकीचा फटका बसला. पब्लिक की जोडण्याच्या फॉर्ममधून आलेला जादाचा युजर आयडी सर्व्हरने तसाच मान्य केला आणि बाहेरच्या एकाला थेट रेल्स या दुसऱ्या वेब फ्रेमवर्कच्या रिपॉझिटरीत कमिट करता आला. सेव्ह झाल्यावर कुठल्या पानावर परतायचं, एवढ्यापुरता हिडन इनपुट चालेल. तोही पत्ता तपासूनच वापरा.

‘कुणी केली’ हे विनंतीवरून कळतं, म्हणून ते व्ह्यूमध्येच भरावं. फील्ड फॉर्मच्या यादीतून काढायचं आणि क्लास व्ह्यूच्या फॉर्म_व्हॅलिडमध्ये फॉर्म.इन्स्टन्सवर रिक्वेस्ट.युजर ठेवायचा. फंक्शन व्ह्यू असेल तर सेव्ह(कमिट=फॉल्स), म्हणजे डेटाबेसात न लिहिता, युजर भरून मग सेव्ह, आणि मेनी-टू-मेनी फील्ड असतील तर नंतर सेव्ह_एम२एम न विसरता. अ‍ॅडमिनसाठी (जँगोची तयार व्यवस्थापन पानं) सेव्ह_मॉडेल आहे. यात एक खाच आहे: फॉर्ममधून वगळलेल्या फील्डची तपासणी मॉडेलफॉर्म करत नाही. ‘एका वापरकर्त्याचं एकच शीर्षक’ असा युनिक नियम असेल, तर फॉर्म पास होतो आणि डेटाबेस इंटिग्रिटीएरर फेकतो. व्ह्यूच्या गेट_फॉर्म_क्वार्ग्जमधून युजर फॉर्मला द्या, फॉर्मच्या क्लीनमध्ये तपासा. डेटाबेसमधला नियमही राहू द्या.

स्लगसारखं, त्याच रांगेतल्या दुसऱ्या फील्डवरून निघणारं मूल्य मात्र मॉडेलच्या सेव्हमध्ये शोभतं. अ‍ॅडमिन, शेल, एपीआय, कुठूनही सेव्ह केलं तरी ते भरलं जातं. फक्त क्वेरीसेटचं अपडेट आणि बल्क_क्रिएट (अनेक रांगा एकदम बदलणारं आणि घालणारं) हे सेव्हला बोलावतच नाहीत. प्री_सेव्ह सिग्नललाही (सेव्हच्या आधी चालणारा कोड) तीच मर्यादा, शिवाय तो कोड दुसऱ्याच फाइलमध्ये असल्याने नव्या माणसाला सापडत नाही. मॉडेलला युजर कळावा म्हणून मिडलवेअरमधून (प्रत्येक विनंतीवर चालणारा कोड) तो थ्रेड-लोकलमध्ये (त्या थ्रेडपुरत्या साठ्यात) ठेवणारेही आहेत. सेलरीच्या (पार्श्वभूमीत कामं चालवणारं साधन) टास्कमध्ये विनंतीच नसते, तिथे हे कोलमडतं. हा मार्ग टाळाच.

वेळेसाठी ऑटो_नाउ_अ‍ॅड (तयार होताना) आणि ऑटो_नाउ (दर सेव्हला) पुरतात, पण अपडेटने बदललेल्या रांगांवर ऑटो_नाउची जुनीच वेळ राहते. ती अपडेटमध्ये स्वतः द्यावी लागते. टेबलात कच्च्या एसक्यूएलनेही नोंदी पडत असतील तर जँगो ५.० पासून आलेला डीबी_डिफॉल्ट घ्या: तयार केल्याची वेळ मग डेटाबेसच भरतो.