फार्महाऊसवर तळं हवंय: ओढ्यावर मातीचा बांध घालावा की बाजूला खोदावं?

कृषी पर्यटन काढायचं म्हटलं की पहिली मागणी पाण्याची असते, म्हणजे पॅडल बोट, काठावर दोन-चार खोल्या, गळ टाकून बसायला जागा वगैरे. जागेतून ओढा जात असेल तर दोनच रस्ते उरतात. एकतर ओढ्यावर मातीचा बांध घालून मागे पाणी अडवायचं, नाहीतर ओढ्याला हात न लावता बाजूला तळं खोदायचं आणि पावसाळ्यात ओढ्याचं थोडं पाणी त्यात घ्यायचं. माझं मत आधीच सांगतो, बांधाच्या खालच्या अंगाला एक जरी घर, वस्ती, शाळा किंवा रहदारीचा रस्ता असेल तर खोदीव तळंच करा, मग ते कितीही लहान झालं तरी चालेल.

पैशाच्या हिशोबात बांध जिंकतो हे मान्य. खोदीव तळ्यात एक घनमीटर माती काढली की एकच घनमीटर पाणी मावतं. बांधाला जागा चांगली मिळाली, म्हणजे दोन टेकड्यांमधली अरुंद घळ आणि मागे पसरट भाग, तर थोड्या भरावात कितीतरी पट पाणी अडतं. ३० बाय ३० मीटरचं ३ मीटर खोल शेततळं घ्या, कडांना १:१ उतार धरला तर त्यात साधारण २२ लाख लिटर बसतात, ऐकायला भरपूर वाटतं पण बोटीसाठी ते अगदीच लहान आहे, दोन बोटी सोडल्या की एकमेकींना धडकतात. आणि दिसण्याचं म्हणाल तर बांधाचा जलाशय नैसर्गिक वाटतो, चौकोनी प्लास्टिकचं तळं तळ्यासारखं दिसतच नाही. म्हणूनच लोकांचा कल बांधाकडे असतो.

आता धोक्याचं बोलू, कारण खरा फरक तिथे आहे. तळ्याचा धोका तळ्यावर येणाऱ्या माणसाला असतो आणि बांधाचा धोका खाली राहणाऱ्याला, ज्याने तुमची बोट कधी बघितलेली पण नसते.

मातीचा बांध मुख्यतः दोन कारणांनी जातो. पाणी माथ्यावरून गेलं की जातो, नाहीतर आतून झिरपणारं पाणी माती घेऊन बाहेर पडायला लागलं की जातो. दगडी किंवा काँक्रीटचा बंधारा वरून पाणी गेलं तरी बऱ्याचदा टिकतो, पण मातीच्या बांधावरून पाणी वाहायला लागलं की ते माथा आणि खालच्या अंगाचा उतार कापत जातं आणि काही तासांत भगदाड पडू शकतं. म्हणून सगळा खेळ सांडव्याचा, म्हणजे जास्तीचं पाणी बाजूने वाहून जायला ठेवलेल्या वाटेचा आहे. समजा ओढ्याचा पाणलोट, म्हणजे ज्या भागातलं पावसाचं पाणी ओढ्यात येतं तो, १०० हेक्टर आहे आणि एका तासात ६० मिमी पाऊस पडला, त्यातलं निम्मं जरी वाहून आलं तरी सेकंदाला ८ हजार लिटरच्या वर पाणी येतं. हे सांडव्यावरून ६० सेंटीमीटर खोलीने जाऊ द्यायचं तर सांडवा १० मीटरपेक्षा रुंद लागतो, आणि पूर्ण पूर वाहत असतानासुद्धा पाण्याच्या वर अजून मीटरभर तरी माथा शिल्लक पाहिजे. प्रत्यक्षात फार्महाऊसवर काय बघायला मिळतं, तर दोन फुटी सिमेंटचे दोन पाइप बांधात टाकलेले, दोन्ही मिळून त्या पाण्याचा पाचवा हिस्सा जाईल की नाही शंका, आणि त्यात पालापाचोळा अडकला की तेही बंद.

करमणुकीच्या तळ्यांना तर वेगळाच रोग आहे, सांडव्याला जाळी. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून लावतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात साऊथ फोर्क नावाचं मातीचं धरण होतं, मुळात कालव्यासाठी बांधलेलं, नंतर ते श्रीमंतांच्या मासेमारी-शिकारीच्या क्लबने घेतलं. तळातले पाणी सोडायचे पाइप आधीच काढलेले होते ते परत बसवले नाहीत, बग्ग्या जाव्यात म्हणून माथा खाली उतरवला आणि सांडव्याला माशांसाठी जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ ला मोठ्या पावसात जाळ्यांना कचरा अडकला, पाणी माथ्यावरून गेलं, धरण फुटलं आणि खालच्या जॉन्सटाऊन भागात २,२०९ माणसं मेली. त्यातल्या माथ्याच्या आणि जाळ्यांच्या दुरुस्त्या तळं जास्त मजेचं व्हावं म्हणूनच केलेल्या होत्या, आणि तेच आज आपल्याकडे लहान प्रमाणात चालू आहे हे मला खरंच अस्वस्थ करतं.

ते धरण मोठं होतं असं कुणी म्हणेल, तर अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यातलं केली बार्न्स धरण बघा. जेमतेम ३८ फूट उंचीचं, वीजनिर्मिती बंद पडल्यावर नुसतं करमणुकीसाठी उरलेलं, उतारावर झाडं वाढलेली. ६ नोव्हेंबर १९७७ च्या मध्यरात्रीनंतर, लोक झोपेत असताना ते फुटलं आणि खालच्या कॉलेजच्या आवारात ३९ जण गेले.

आणि आपलं चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण. ते करमणुकीचं नव्हतं, पण मातीचं आणि छोटंच. २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, २० पेक्षा जास्त माणसं गेली, गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. तेव्हा खेकड्यांनी भराव पोखरला असं मंत्री म्हणाले आणि राज्यभर त्याची चेष्टा झाली. पण खेकडे आणि घुशी भराव पोखरतात हे खोटं नाही, म्हणून तर दरवर्षी बिळं शोधून बुजवावी लागतात आणि ते काम खेकड्याचं नाही, बांधाच्या मालकाचं आहे.

खाजगी बांधाची अजून एक कमजोर जागा म्हणजे आतून गेलेला पाइप. पाइपच्या बाजूची माती नीट दाबली जात नाही, पाणी तिथूनच वाट काढतं. शिवाय भराव २०-२५ सेंटीमीटरच्या थरात, ओल देऊन, रोलर फिरवून करायचा असतो, मध्ये चिकण मातीचा गाभा आणि खाली पक्क्या थरापर्यंत खंदक. जेसीबीने ढीग टाकून वर ट्रॅक्टर फिरवला म्हणजे बांध झाला असं नाही. नुसती काळी माती वापरली तर उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून आत शिरतं.

कायद्यावर विसंबू नका. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि १० ते १५ मीटरमधल्या काही अटींत बसणाऱ्यांना लागू होतो, तुमचा ५ मीटरचा बांध त्यात येत नाही, म्हणजे त्या कायद्याखाली दरवर्षी तपासायला कुणी येणार नाही. पण ओढा मात्र सरकारी मालकीचा असतो, परवानगीशिवाय अडवता येत नाही.

खोदीव तळं म्हणजे निर्धास्त असं मात्र समजू नका. प्लास्टिकचं अस्तर ओलं झालं की त्यावरून माणूस वर चढूच शकत नाही, पोहता येणारासुद्धा दमून बुडतो, शेततळ्यात मुलं गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. पाहुणे येणार असतील तर पाच फुटी कुंपण आणि कुलूप, चारही कोपऱ्यांत गाठी मारलेला दोर किंवा शिडी, ट्यूब, बोटीत लाइफ जॅकेट, यातलं काहीही ऐच्छिक नाही. जमीन पाणी धरणारी असेल तर अस्तर टाळा आणि कडेने गुडघाभर पाण्याचा रुंद टप्पा ठेवा, मग पाय घसरला तरी माणूस उभा राहतो, आणि दिसायलाही तळं छान दिसतं. एक फसवी गोष्ट, खाली खडक लागला म्हणून अर्धं खोदून उरलेली उंची भरावाने वाढवली तर जमिनीच्या वरचं तेवढं पाणी बांधाचंच आहे, त्याला वरचे सगळे नियम लागू.

गाळाचं थोडक्यात, ओढ्यावरचा बांध गाळाने भरत जातो, बाजूच्या तळ्याला गाळ बसायला एक खड्डा आधी ठेवला की भागतं.

मग बांध कधी घालावा? पाणलोट लहान, खाली ओढा थेट मोठ्या पात्राला मिळेपर्यंत वस्ती नाही, जवळ चांगली माती आहे, आणि रीतसर डिझाइन करून घ्यायची तयारी आहे, तर जरूर घाला. जागेवर आधीच बांध असेल आणि तुम्ही ती विकत घेताय, तर तळं भरलेलं असताना बांधाच्या पायथ्याशी चालून बघा. स्वच्छ पाझर असेल तर नजर ठेवा, गढूळ असेल तर सौदा थांबवा. उतारावर बाभळी वाढल्यात का, माथा मध्येच खचलाय का, सांडवा भिंत घालून किंवा जाळी लावून अडवलाय का, हे बघा. घेतलाच तर पावसाळ्याआधी पाणी उतरवून ठेवा, आणि खालच्या प्रत्येक घराचा फोन नंबर रात्रीच्या राखणदाराकडे लिहून द्या, गढूळ पाणी दिसलं की तुम्हाला विचारायच्या आधी त्याने तिकडे फोन लावायचा हेही त्याला सांगून ठेवा.