ग्रुपवर आलेलं चलान

दादाच्या बँक खात्यातून पैसे चोरीला गेले, पण त्याने ओटीपी कुणालाही सांगितला नव्हता. हे आधीच लिहितो, कारण ऐकणारा प्रत्येक जण पहिलं तेच विचारतो.

फाइल आली ती आमच्या गल्लीच्या गणेश मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, खजिनदारांच्या नंबरवरून. नाव 'आरटीओ चलान', शेवटी 'डॉट एपीके', म्हणजे कागद नव्हे, फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल. पुतण्या बिनहेल्मेटची गाडी दामटतो, त्यामुळे दंड आला असेल यात दादाला नवल वाटलं नाही. 'बघतोच आता त्याच्याकडे' म्हणत त्याने फाइल उघडली. अनोळखी अ‍ॅप घेऊ नका असं फोनने बजावलं, तरी पुढे जाण्याचं बटण होतंच. मग अ‍ॅपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, आणि चलान बघायला १ रुपया भरा म्हणून डेबिट कार्डाचा तपशील. झालं.

सकाळी दुकानात तेलाच्या डब्यांची डिलिव्हरी घेऊन माणूस उभा. दादा यूपीआय करतोय, पेमेंट जात नाही. पुन्हा केलं, तेच. पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं, रात्रीत तीन वेळा मिळून १,८६,००० गेलेत. बँकेचा एकही मेसेज फोनवर दिसला नव्हता. येणारा प्रत्येक ओटीपी ते अ‍ॅप परस्पर चोराकडे धाडत होतं. सांगायची गरजच काय?

शाखेत साहेब म्हणाले, अर्ज लिहून द्या. अर्ज द्यायचाच, पण आधी १९३० लावायचा, ऑनलाइन फसवणुकीची तक्रार घेणारा सरकारी नंबर. आमचा अर्धा दिवस अर्जात आणि घरात कसं सांगायचं यात गेला. तेवढ्यात पैसे या खात्यातून त्या खात्यात उड्या मारत जातात. कमिशनवर भाड्याने दिलेली खाती असतात, तिथून एटीएममधून काढून घेतात. १९३० वर खातं, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा नंबर विचारतात, म्हणून पासबुक हातात ठेवा. आमचे ४२,००० वाटेत गोठवले गेले. तेही आपोआप परत येत नाहीत, कागद अजून फिरतायत.

मला जास्त लागलं ते पुढचं. खजिनदारांचा फोनही तसाच चोराच्या ताब्यात गेला होता आणि फाइल त्यांच्या नकळत सगळीकडे गेली होती. पण गल्लीत कुजबुज सुरू झाली, 'वर्गणीचं काय?' पै न पैचा हिशेब ठेवणारा माणूस, ग्रुप सोडून गेला. चोर कुठे बसलाय देव जाणे, भांडणं मात्र आमच्या दारात.

सरकारी चलान एपीके फाइलमधून येत नाही. बघायचं तर परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन गाडीचा नंबर टाका. फाइल उघडली गेलीच असेल तर आधी नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून कार्ड आणि खातं बंद करा, लगेच १९३० लावा. कॉल दुसरीकडे वळवले असतील तर ##००२# डायल करून ते रद्द करा, आणि फोन रिसेट केल्याशिवाय त्यावर बँकेचं काही उघडू नका. फाइल ज्याच्या नंबरवरून आली त्याला ग्रुपवर झाडण्याआधी साधा फोन करा. त्याला बहुतेक पत्ताच नसतो.